आधी लोखंड वाचा, मग रंग: जुनी लष्करी वाहनं आणि जुन्या बाजारातल्या युद्धकालीन वस्तू ओळखण्याची पद्धत

जुनी लष्करी वस्तू समोर आली की बहुतेकांचं लक्ष आधी रंगाकडे, पांढऱ्या ताऱ्याकडे नाहीतर पितळी पट्टीवरच्या नंबराकडे जातं. फसगत नेमकी तिथेच होते. ज्या गोष्टी बदलायला स्वस्त आहेत, त्यांच्यावर सगळ्यात शेवटी विश्वास ठेवायचा आणि ज्या बदलायला महाग आहेत, त्या सगळ्यात आधी तपासायच्या, हे सूत्र वाहनापासून टोपीवरच्या बिल्ल्यापर्यंत सगळ्याला लागू पडतं. रंग एका दुपारी बदलता येतो. डेटा प्लेट, म्हणजे माहिती आणि नंबर कोरलेल्या पट्ट्या, नव्या बनवून मिळतात. पण चासीचा आडवा दांडा, ओतीव भागावरचे उठावाचे आकडे, पत्रा दाबताना पडलेला आकार या गोष्टी सहसा कोणी बदलत बसत नाही. विकणाऱ्याने सांगितलेली गोष्ट खरीही असू शकते. ती टिपून ठेवा, पण पुरावा म्हणून धरू नका.

हात लावण्याआधी

सोबत टेप, दहापट मोठं दाखवणारं भिंग, लहान टॉर्च, लोहचुंबक, व्हर्नियर आणि अतिनील टॉर्च ठेवा. वस्तू पुसण्याआधी फोटो काढा, कारण धुळीत आणि जुन्या ग्रीसमध्ये अक्षरं लपलेली असतात आणि उत्साहात तारेच्या ब्रशने घासलं की ती कायमची जातात. पुसट ठशावर टॉर्च समोरून मारू नका. प्रकाश पृष्ठभागाला जवळजवळ समांतर, एका बाजूने टाका. सरळ प्रकाशात सपाट दिसणाऱ्या पत्र्यावर तिरप्या प्रकाशात आकडे उठून दिसतात. तरीही वाचता येत नसतील तर पातळ कागद ठेवून वरून मऊ पेन्सिल फिरवा.

वाहन खालून वर पाहा

पहिलं माप दोन चाकांच्या मध्यबिंदूंमधलं, म्हणजे व्हीलबेस. बॉडी बदलते, बॉनेट बदलतं, पण व्हीलबेस सहसा तोच राहतो. युद्धकालीन, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या, जीपचा तो ८० इंच, म्हणजे २०३२ मिलिमीटर असतो. जीएमसीच्या अडीच टनी सहाचाकी ट्रकमध्ये सीसीकेडब्ल्यू ३५२ चा १४५ इंच आणि ३५३ चा १६४ इंच. म्हणजे नुसत्या टेपवर ३५२ की ३५३ हे ठरतं.

त्यानंतर खाली वाका. पुढच्या चाकांना ड्राइव्ह आहे का, डिफरन्शियलचा गोळा मधोमध आहे की एका बाजूला, पाटे एक्सलच्या वर आहेत की खाली, हे पाहा. सीसीकेडब्ल्यूमध्ये एक्सल दोन प्रकारचे येत. एकाचा मधला भाग एकसंध गोल, तर टिमकेन एक्सल उभ्या जोडावर दोन भागांत बोल्टने जोडलेला. दोन्ही अस्सलच आहेत, त्यामुळे एक प्रकार पाहून दुसऱ्याला नकली ठरवू नका.

वायरिंगचं व्होल्टेजही लवकर तपासा. अमेरिकी युद्धकालीन जीप ६ व्होल्टची. १९५० पासून आलेली लष्करी जीप एम३८ मात्र २४ व्होल्टची आणि पाण्यापासून जपलेल्या वायरिंगची. जीपवर जाड रबरी आवरणाची, स्क्रूने बसणारी जलरोधक कनेक्टर्स सगळीकडे आणि सगळी मूळची दिसत असतील, तर ती जीप १९४४ ची असण्याची शक्यता फार कमी आहे.

जीप: सगळ्यात जास्त गोंधळ इथेच

जीपवर इथे जरा जास्त थांबतो, कारण बाजारात सगळ्यात जास्त हीच येते आणि चुकीची नावंही हिलाच सगळ्यात जास्त चिकटतात. १९४१ ते १९४५ या काळात विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप बनवल्या. विलीजची ती एमबी, फोर्डची जीपीडब्ल्यू. दोन्ही एकाच आराखड्यावर बनल्या आणि सुटे भाग एकमेकींना बसत. म्हणूनच आज एकाच गाडीत दोघींचे भाग सापडतात.

समोरून ग्रिलच्या उभ्या फटी मोजा. युद्धकालीन ग्रिल दाबलेल्या पत्र्याचं आणि नऊ फटींचं. १९४२ च्या सुरुवातीपर्यंतच्या विलीजला मात्र लोखंडी पट्ट्या वेल्ड करून केलेलं ग्रिल होतं, ते दिसलं तर सावकाश आणि नीट पाहा. सात फटी असतील तर ती युद्धानंतरची नागरी सीजे मालिका किंवा एम३८ कुटुंबातली. सीजे-२ए चे हेडलाइट ग्रिलच्या बाहेर फुगलेले असतात, एमबीचे आत दबलेले. एमबीच्या हेडलाइटला बिजागरी असते. तो उलटा वळवला की उजेड इंजिनावर पडतो, रात्री दुरुस्ती करता यावी म्हणून.

मागे गेलात की आणखी सोपं. एमबी आणि जीपीडब्ल्यूला मागे उघडणारं फाळकं नाही. मागचा पत्रा अखंड, त्यावर स्टेपनी आणि जेरीकॅनची जागा. सीजे-२ए ला फाळकं आहे आणि स्टेपनी उजव्या बाजूला. पेट्रोल कुठून भरायचं तेही पाहा. युद्धकालीन जीपमध्ये टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते आणि झाकण गादी उचलल्यावर सापडतं. झाकण बाहेर बॉडीच्या बाजूला असेल तर गाडी नंतरची किंवा बॉडी बदललेली.

बॉनेट उंच आणि समोरचा भाग चौकोनी वाटत असेल तर ती सीजे-३बी. हिचं इंजिन उंच असल्यामुळे बॉनेट वर उचलावं लागलं. परवान्याने ती भारतात महिंद्राने आणि जपानमध्ये मित्सुबिशीने वर्षानुवर्षं बनवली, त्यामुळे ती फार दिसते आणि हिरवा रंग देऊन युद्धातली म्हणून पुढे केली जाते. मडगार्ड गोलसर असतील तर एम३८ए१ किंवा तिची नागरी बहीण सीजे-५. या दोन्ही १९५० च्या दशकातल्या.

नऊ फटी, पण बाकी काहीतरी जुळत नाही, असं वाटलं तर फ्रान्समधल्या हॉचकिसची एम२०१ आठवा. ती एमबीच्याच आराखड्यावर युद्धानंतर बनली आणि समोरून पाहिलं तर सख्खी एमबी. अशा वेळी ग्रिल सोडून चासीकडे जायचं.

आता विलीज की फोर्ड? रेडिएटरच्या खाली, पुढचा आडवा दांडा हाताने चाचपा. विलीजचा नळीसारखा गोल, फोर्डचा उलट्या यू आकाराच्या पट्टीचा. वेल्ड केलेला चासीचा भाग असल्यामुळे हा पुरावा मी सगळ्यात वर धरतो. त्यानंतर बोल्टची डोकी पाहा. फोर्ड आपल्या भागांवर, ब्रॅकेटवर, अगदी बोल्टच्या डोक्यावरही तिरपं एफ अक्षर ठोकत असे. सुरुवातीच्या गाड्यांच्या मागच्या पत्र्यावर कंपनीचं नाव उठावात दाबलेलं असे. १९४२ मध्ये ते बंद झालं. १९४४ पासून मात्र दोन्ही कंपन्यांच्या चासीवर एकाच पुरवठादाराची एकसारखी बॉडी बसू लागली, म्हणून उशिराच्या गाडीत बॉडीवरून कंपनी ठरवू नका.

नंबरांची गोष्ट वेगळी. फोर्डचा नंबर थेट चासीच्या डाव्या दांड्याच्या वरच्या बाजूवर ठोकलेला असतो. विलीजचा एका छोट्या पट्टीवर, ती पट्टी पुढच्या बंपरच्या मागे चासीला आतून रिव्हेट केलेली. पट्टी काढता येते, ठोकलेला आकडा सहजी काढता येत नाही. आकड्यांभोवती ग्राइंडरच्या खुणा, भरलेला वेल्ड किंवा आकडे वेगवेगळ्या उंचीचे असतील तर तिथेच थांबा. इंजिन नंबरावरून गाडीचं वर्ष सांगणाऱ्याला हसून पुढे जा, कारण ही इंजिनं लष्करातच कितीदा तरी बदलली गेली. चासी, इंजिन आणि डॅशबोर्डवरची प्लेट हे तिन्ही एकमेकांना धरून असतील, अशी गाडी विरळा. सापडली तर तिची किंमत वेगळी.

संपूर्ण नवी बॉडी आजही बनवून मिळते. तिचा पत्रा एकसारखा सपाट, कुठेही जुन्या भोकांची भरणी नाही, स्पॉट वेल्डच्या बारीक खळग्यांऐवजी सलग वेल्डिंग. नवी बॉडी म्हणजे फसवणूक नव्हे, पण ती सांगून विकली पाहिजे.

बाकीची वाहनं, थोडक्यात

डॉजच्या पाऊणटनी डब्ल्यूसी ट्रकमध्ये डब्ल्यूसी-५१ आणि ५२ जुळ्या. पुढे विंच (दोर ओढणारं यंत्र) आणि त्यासाठी लांबवलेला बंपर असेल तर ५२. १९५१ पासूनची एम३७ यांचीच वारस, पण २४ व्होल्टची.

नाक दबलेला, उजव्या हाताच्या स्टिअरिंगचा ट्रक दिसला तर तो कॅनडात राष्ट्रकुल सैन्यासाठी बनलेला असू शकतो. पुढची काच वरच्या बाजूने पुढे झुकलेली असेल तर ती त्यांची १३ नंबरची केबिन. फोर्ड की शेव्हरोले ते ग्रिलच्या जाळीवरून कळतं: चौकोनी जाळी फोर्डची, तिरकी शंकरपाळ्यासारखी शेव्हरोलेची.

फोक्सवॅगनची युद्धकालीन जर्मन लष्करी गाडी क्यूबेलवागेन आणि १९६० च्या दशकाअखेरची टाइप १८१ लांबून सारख्या वाटतात. क्यूबेलवागेनची स्टेपनी बॉनेटवर उघडी बसते, १८१ मध्ये ती बॉनेटच्या आत जाते.

मोटरसायकलींमध्ये सर्वाधिक सोंग बीएमडब्ल्यू आर७५ चं घेतलं जातं. जर्मन आर७१ वरून सोव्हिएत एम-७२ आली आणि तिच्यावरून चिनी सीजे७५०. या दोन्ही राखाडी रंगात आणि साइडकारसह आर७५ म्हणून फिरतात. सिलिंडरचं डोकं पाहा. आर७१ आणि तिच्या वंशजांत साइड-व्हॉल्व्ह इंजिन, डोकं सपाट आणि थंड होण्यासाठी पात्या असलेलं. आर७५ ओव्हरहेड-व्हॉल्व्ह, डोक्यावर व्हॉल्व्हचं वेगळं झाकण. शिवाय आर७५ च्या साइडकारच्या चाकालाही ड्राइव्ह जातो. पण नंतरच्या सोव्हिएत मोटरसायकलींमध्येही ओव्हरहेड-व्हॉल्व्ह आलं, म्हणून एकाच खुणेवर थांबू नका. अमेरिकी युद्धकालीन मोटरसायकल हार्ले डब्ल्यूएलएच्या नंबरात ४२ आहे म्हणून ती १९४२ ची समजू नका. नंतरच्या वर्षांतही तोच उपसर्ग चालू राहिला.

रंगाचे थर

लोखंड वाचून झाल्यावरच रंगाकडे या. सीटखाली, डॅशबोर्डच्या मागे, बॉनेटच्या आत अशा ठिकाणी जुना रंग टिकतो. ४०० नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून एका नाण्याएवढ्या जागेत गोल घासा, मग ६०० नंबरने. झाडाच्या खोडासारखी वर्तुळं उमटतात आणि प्रत्येक थर वेगळा दिसतो. जुन्या रंगात शिसं असतं, म्हणून कोरडं घासायचं नाही आणि मास्क लावायचा. अमेरिकी युद्धकालीन हिरवा बिनचकाकीचा असतो. चकचकीत हिरवा सगळ्यात तळाशी असेल तर प्रश्न विचारा.

बॉनेटच्या बाजूला घासताना हात आवरता घ्या. अमेरिकी जीपचा नोंदणी क्रमांक तिथे असे, सुरुवातीला निळसर रंगात, पुढे पांढऱ्यात, आणि जीपचा क्रमांक २० ने सुरू होई. क्रमांकाच्या शेवटी एस असेल तर गाडीच्या विद्युत यंत्रणेचा रेडिओत येणारा व्यत्यय दाबलेला आहे, असा अर्थ. ब्रिटिश वाहनांत आधी अक्षर येतं: एल लॉरीसाठी, झेड लहान ट्रकसाठी, एम मोटारीसाठी, सी मोटरसायकलसाठी, ए रुग्णवाहिकेसाठी. जर्मन पाट्यांवर डब्ल्यूएच म्हणजे भूदल, डब्ल्यूएल हवाई दल, डब्ल्यूएम नौदल. वरच्या थरावरचे असे क्रमांक काहीच सिद्ध करत नाहीत. चार थरांखालून निघालेला क्रमांक मात्र सोन्याचा.

बाजारातली लहान वस्तू: आकडा कशाचा आहे?

लहान वस्तूंवर वर्ष दिसलं की लोक तेच उत्पादनाचं वर्ष धरतात. ते नमुन्याचं, पेटंटचं किंवा साच्याचंही असू शकतं. ब्रिटिश संगीन हातात घ्या. मुठीजवळच्या सपाट पोलादावर मुकुट, त्याखाली राजाची अक्षरं, मग १९०७. हे १९०७ म्हणजे तो नमुना मंजूर झाल्याचं वर्ष. उत्पादनाचा महिना आणि वर्ष त्याखाली लहान आकड्यांत असतात: १० आणि १७ असेल तर ऑक्टोबर १९१७. त्याच्या खाली कारखान्याचं नाव. फ्रेंच ७५ मिलिमीटर तोफेच्या पितळी पुंगळीच्या बुडावर ७५ नंतर डी, ई, सी ही अक्षरं येतात. ती डिसेंबर नव्हे. 'मैदानी तोफेची' अशा अर्थाच्या फ्रेंच शब्दांचं ते लघुरूप आहे. वर्ष त्याच बुडावर दुसरीकडे शोधा.

मालकी सांगणारा सगळ्यात उपयोगी ठसा म्हणजे ब्रिटिशांचा रुंद बाण, तीन रेघांचा. तो सी अक्षराच्या आत असेल तर कॅनडा, दोन डींच्या मध्ये असेल तर ऑस्ट्रेलिया. जर्मन वस्तूंवर कारखान्याच्या नावाऐवजी लहान लिपीतली सांकेतिक अक्षरं येतात. दुर्बिणीवर बीएलसी असेल तर येनाची कार्ल झाइस, बीईएच असेल तर वेत्झलरची लाइट्झ. भाषेवरून मात्र देश ठरवू नका. १९ नंबरच्या वायरलेस सेटच्या पुढच्या पट्टीवर इंग्रजीसोबत रशियन अक्षरं दिसली की तो सोव्हिएत म्हणून विकतात. तो सोव्हिएत संघाला पुरवण्यासाठी बहुधा कॅनडात बनलेला असतो.

युद्धानंतरचा माल बाजूला काढायला सगळ्यात सोपा आकडा साठा-क्रमांकाचा. चार-दोन-तीन-चार अशा गटांत तेरा अंक असतील तर अमेरिकी माल १९७४ किंवा त्यानंतरचा. ब्रिटिश बिल्ल्यांवर मुकुट पाहा. कमानी गोल घुमटासारख्या असतील तर राजाचा, मधोमध खाली दबलेल्या असतील तर १९५२ नंतरच्या राणीच्या काळातला. चार्ल्स गादीवर आल्यापासून घुमटाचा मुकुट पुन्हा वापरात आलाय, म्हणून अगदी नवाकोरा घुमटी मुकुट जुना समजू नका.

जेरीकॅन तर हमखास मिळतो. वीस लिटरचा, तीन मुठींचा, बाजूला फुलीसारखा दाब आणि खटक्याचं झाकण हा मूळ जर्मन आराखडा. त्यावर जर्मन भाषेत इंधन आणि ज्वालाग्राही असं उठावात लिहिलेलं असतं, वर्षही असतं. ब्रिटिशांनी तोच उचलला, त्यावर बाण आणि डब्ल्यूडी (वॉर डिपार्टमेंट). अमेरिकी पेट्रोल-कॅनला आट्यांचं झाकण असतं.

हेल्मेट

अमेरिकी एम१ च्या कडेची पट्टी जिथे जुळते ती जागा पाहा. जोड पुढे असेल तर १९४४ च्या उत्तरार्धापर्यंतचं, मागे असेल तर त्यानंतरचं. हनुवटीच्या पट्ट्याच्या कड्या घट्ट वेल्ड केलेल्या असतील तर आधीचं, हलत्या असतील तर १९४३ पासूनचं. जर्मन हेल्मेटमध्ये वायुछिद्राला वेगळी रिंग बसवलेली असेल तर १९३५ चा नमुना, छिद्र पत्र्यातूनच दाबून काढलेलं असेल तर १९४० चा, आणि काठ आत न दुमडता तसाच बाहेर वळलेला असेल तर १९४२ चा. ब्रिटिश ताटलीवजा हेल्मेटच्या काठाला भोकं असतील तर ती गोळ्यांची नाहीत. कमी प्रतीचं पोलाद म्हणून नागरी संरक्षणासाठी वेगळं काढलेल्या हेल्मेटवर ती मुद्दाम पाडत.

जर्मन हेल्मेटवरच्या चिकटचित्रासाठी जास्त पैसे देऊ नका, असं मी ठामपणे सांगेन. हेल्मेट अस्सल आणि चित्र कालचं, ही जोडी फार आढळते. भिंगातून पाहा. रंग उडालेल्या खळग्यातही चित्र उतरलं असेल तर ते नंतर लावलंय.

नक्कल कुठे उघडी पडते

ठोकून काढलेल्या बिल्ल्याची अक्षरं धारदार असतात. त्याच्यावरून साचा करून ओतलेल्या नकलेत ती बोथट, पृष्ठभागावर बारीक फोड, आणि धातू थंड होताना आकसतो म्हणून माप मूळच्यापेक्षा किंचित लहान. व्हर्नियर इथे कामी येतो. गंजही पाहा. आम्लाने चढवलेला गंज सगळीकडे सारखाच नारिंगी असतो, खरा गंज पाणी साचेल तिथे खोल आणि हात लागेल तिथे गुळगुळीत. कापडावर अंधारात अतिनील टॉर्च मारा. शिवणीचा दोरा पांढराशुभ्र चमकला तर तो बहुधा आधुनिक. मात्र जुनं कापड आजच्या डिटर्जंटने धुतलं असेल तर तेही चमकतं. दोरा चमकतो आणि कापड नाही, असा फरक दिसला तर शिवण नंतरची.

इथे घाई नको

तोफगोळा, हातबाँब, फ्यूज किंवा न उडालेलं काडतूस घरी नेऊन ओळखायचं नसतं. वय वाढलं म्हणून स्फोटकं निरुपद्रवी होत नाहीत. पहिल्या महायुद्धातल्या गोळ्यांतलं पिक्रिक आम्ल धातूशी संयोग पावून आणखी संवेदनशील क्षार तयार करतं. हलवू नका, घासू नका, भोक दिसतंय म्हणून रिकामं समजू नका, गाडीत घालून पोलीस ठाण्यात नेऊ नका. लांब व्हा आणि पोलिसांना फोन करा.

जुनी होकायंत्रं आणि विमानातल्या मापकांच्या तबकड्यांवर रेडियमचा रंग असू शकतो. आता अंधारात चमकत नाही म्हणजे किरणोत्सर्ग संपला असं नाही, कारण रेडियमचं अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षांचं आहे. काच उघडू नका, रंग खरवडू नका. युद्धकालीन गॅस मास्क तोंडाला लावून फोटो काढण्याचा मोह तर कटाक्षाने टाळा. गाळणीत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. जुन्या ब्रेक लायनिंगची धूळही हवेच्या झोताने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा.

नाव असलेली वस्तू

ओळखपट्ट्या वेगळ्या हाताळा. ब्रिटिश पट्ट्या तंतूच्या, एक लाल गोल आणि एक हिरवी अष्टकोनी. अमेरिकी पट्टीवर टी४२ किंवा टी४३ असेल तर ते धनुर्वाताच्या लसीचं वर्ष. नातेवाइकाचं नाव-पत्ताही असेल तर पट्टी १९४१ अखेर ते १९४३ मध्य या काळातली. जर्मन पट्टी लंबगोल, मधे छिद्रांची रेघ. सैनिक पडला की खालचा अर्धा भाग तोडून नेत आणि वरचा मृतदेहासोबत राही. म्हणून जमिनीतून आलेली अशी पट्टी पाहिली की ती कुठून मिळाली हे आधी विचारा, विकत घेणं नंतर.

नाव आणि सेवाक्रमांक जसाच्या तसा लिहून घ्या, चुकलेलं स्पेलिंगसुद्धा. राष्ट्रकुलातल्या सैनिकांसाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची शोधसूची आणि जर्मन सैनिकांसाठी फोल्क्सबुंड या जर्मन युद्धकबर संस्थेची सूची ऑनलाइन, मोफत पाहता येते. नाव सापडलं तर वस्तूच्या फोटोसह, सापडल्याच्या जागेच्या नोंदीसह त्या संस्थेला कळवा. अनेक कुटुंबांकडे त्या माणसाची दुसरी कुठलीच वस्तू नसते.